यादीतून गाळलेली रुमणवाडी

जिल्हा नवा झाला त्याच्या तिसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली आणि लातूरच्या आमच्या कचेरीत गावांच्या भेंड्यांना ऊत आला. टँकरच्या फेऱ्या लावताना दिवसभर गावांचीच नावं लिहायची आणि खोडायची, मग मधल्या सुट्टीतही तीच तोंडात यायची. एका शाखेनं गाव सांगायचं, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून दुसरीनं. एकदा येऊन गेलेलं गाव पुन्हा चालत नसे. वाद झालाच तर जिल्ह्याची गावयादी उघडायची. यादीत असेल ते गाव, नसेल ते नाही. जिंकणाऱ्या शाखेला वर्षभर पहिला चहा मिळायचा.

मी टंचाई शाखेतला कारकून आणि अण्णाराव येईपर्यंत या खेळात मला तोड नव्हती. हे मी फुशारकीनं सांगत नाही. फुशारकी तेव्हा पुष्कळ मारून झाली. अण्णाराव जमीन शाखेत रुजू झाला आणि माझी सद्दी संपली. तो नुसतं नाव सांगत नसे. त्या गावची बारव कुठे आहे, तिथले लोक कशावरून भांडतात, जत्रेत कुणाचा बैल उधळला, असं काहीबाही जोडायचा आणि सगळी कचेरी हसत बसायची. माझ्या नावांना कुणी हसलं नव्हतं.

पण पोटात दुखायचं ते त्यामुळे नव्हे. दर सोमवारी त्याची आई रुमणवाडीहून एसटीच्या कंडक्टरजवळ डबा द्यायची. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, आणि वर फडक्यात बांधलेला कांदा. माझी आई मी रांगत होतो तेव्हाच गेली. उदगीरला चुलत्याच्या दुकानात पोत्यांच्या आडोशाला मी वाढलो. "घ्या की अप्पा, आईनं दोघांपुरतं बांधलंय," अण्णाराव म्हणायचा. मी घ्यायचो, आणि घास चावता चावता मला त्याचा इतका राग यायचा की चव कळत नसे.

अंतिम सामना ठरला त्याच आठवड्यात साहेबांनी गावयादी माझ्या टेबलावर आणून ठेवली. उस्मानाबादहून आलेल्या जुन्या प्रतीला वाळवी लागली होती. माझं अक्षर चांगलं, म्हणून नवी प्रत मी करायची आणि जुनी जाळून टाकायची. आता आमच्याकडची निम्मी गावं 'पूर'वर संपतात, त्यामुळे खेळ शेवटी 'र'वर येऊन अडतो, आणि अण्णाराव आपली रुमणवाडी तेवढ्यासाठी राखून ठेवतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अहमदपूर तालुक्याच्या पानावर त्या ओळीशी मी पोचलो, क्षणभर थांबलो आणि खालची ओळ लिहिली. सामना झाला की समासात भरून टाकू, असं मी स्वतःला बजावलं होतं. जुनी प्रत कचेरीमागे मीच जाळली.

शनिवारी 'र' अडलाच. अण्णाराव आरामात उठला आणि म्हणाला, "रुमणवाडी."

"यादी बघा," मी म्हणालो.

पंच होत्या अव्वल कारकून सिंधुबाई. त्यांनी पानावर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "न्हाई हो अण्णाराव."

तो भांडेल असं मला वाटलं होतं. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. पण तो यादीवर वाकला, बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला आणि सावकाश म्हणाला, "खरंच की. माझीच कायतरी चूक होऊन राहिली." आमच्या शाखेनं बाकं वाजवली. त्या दिवशी मला झोप छान लागली.

सोमवारी पहिला चहा मला मिळाला. डबा मात्र आला नाही. अण्णारावला विचारलं तर तो म्हणाला, "कसला डबा? मी तर खाणावळीत जेवतो." थट्टा समजून मी सिंधुबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. पहिल्यापासूनच जातात की, म्हणाल्या. मी लगोलग कपाटातून यादी काढली आणि समासात रुमणवाडी भरली. बुधवारी साहेबांनी तिच्यावर लाल शाईची रेघ मारून यादी परत पाठवली. नसलेल्या गावाला टँकर कुठून पाठवू, एवढंच ते म्हणाले.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत अण्णारावला मी एका बाजूला घेतलं. "तुमची आई कुठं असते?"

"आई न्हाई मला," तो म्हणाला. "लहानपणीच गेली. तुमच्यासारखंच."

त्याच्या तोंडावर दुःखसुद्धा नव्हतं. आणि मला, खोटं का बोलू, आधी बरं वाटलं. आता दोघं सारखे झालो, असं मनात आलं. भीती वाटली ती नंतर.

रविवारी मी एसटीनं निघालो. कंडक्टरला ते गाव माहीत नव्हतं, म्हणून अण्णारावच्या गप्पांतल्या खुणा आठवत एका फाट्यावर उतरलो आणि माळ तुडवत गेलो. रुमणवाडी होती. तीस-पस्तीस घरं, आणि चावडीपुढे रिकाम्या घागरींची लांब रांग. रांगेत माणूस एकही नव्हतं. घागरींवरची धूळ कुणी पुसलेली नव्हती. कुणाला घर विचारावं म्हणून बघतो तर ओट्यावरून एक म्हातारी उठली आणि डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे बघू लागली. मी कोण, हे सांगायला तोंड उघडलं.

"आलास का अण्णा," ती म्हणाली. "किती वाळलास रे."

मी ओट्याजवळ गेलो.

"तू कचेरीत असून टँकर का येऊन नाही राहिला? दोन हप्ते होत आले. सरजाबाईची सून रोज विचारती, मी म्हनते माझा लेक बघंल."

"येईल," मी म्हणालो.

"हाव, येईलच. तू हायेस न्हवं." तिनं पदरानं माझ्या कपाळावरचा घाम टिपला. तिच्या पदराला धपाट्यांचा वास होता. त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. फाटा चारच मैलांवर होता, संध्याकाळची गाडी मिळाली असती, साहेबांचे पाय धरून यादी नव्यानं करवता आली असती. हे सगळं मला उभ्या उभ्या कळत होतं. "रजा किती दिवसांची?" तिनं विचारलं.

"आता इथंच राहतो, आई."

ती आत वळली. मी चपला काढल्या. चौकट बुटकी होती, पण वाक म्हणून मला कुणी सांगायची गरज पडली नाही.