व्हॅनमध्ये बसलेला ड्रमर

२०२१च्या जानेवारीत आयर्लंड कोरोनामुळे पुन्हा कडीकुलपात गेलं होतं, तेव्हा नंदकुमार दिघ्यांना लीड्सहून एका बाईंचा ईमेल आला. हेलन नावाच्या या बाई जुनी गाणी नव्याने काढणारी एक छोटी रेकॉर्ड कंपनी चालवत. त्यांनी विचारलं होतं, कॉव्हेंट्रीत पूर्वी ‘द डॅम्प मॅचेस’ नावाचा पंक बँड होता, त्यात ड्रम वाजवणारे नंदी ते तुम्हीच का?

नंदकुमार आता त्रेसष्टचे. जन्म दादरचा, पण वाढले कॉव्हेंट्रीत. लेस्टरमधली नोकरी संपल्यावर ते आणि पत्नी नंदिनीबाई डब्लिनच्या सँडीफोर्ड उपनगरात, लेकीच्या बिल्डिंगमध्येच राहायला आले होते. लेक कीर्ती वरच्या मजल्यावरून ऑफिसचं काम करायची आणि दुपारी जेवायला खाली यायची.

“बाबा, पंक? तुम्ही?” तिने ताट पुढे ओढत विचारलं.

“तेव्हा केस होते मला.”

“डॅम्प मॅचेस म्हणजे काय हो?” नंदिनीबाईंनी विचारलं. नवरा कधीकाळी कुठल्याशा बँडमध्ये होता, एवढंच त्यांना माहीत होतं.

“सर्दावलेल्या आगकाड्या.”

बँड तिघांचा होता. टेरी गायचा आणि गिटार वाजवायचा. ग्रॅहम बेस गिटारवर. नंदकुमार वीस वर्षांचे, पहाटे बेकरीत काम करून स्वतःच्या पगारातून ड्रम घेतलेले. वडील मोटारीच्या कारखान्यात अवजारं बनवणारे कारागीर. त्यांना हा गोंगाट मुळीच पटत नव्हता, पण ड्रम ठेवायला त्यांनीच मागची शेड रिकामी करून दिली. तिघांनी दीड वर्षात एक छोटी रेकॉर्ड काढली आणि सापडेल त्या पबमध्ये वाजवलं. रेडिओवर त्यांचं गाणं दोनदा लागलं. पुढे बँड दुसऱ्या ड्रमरबरोबर थोडा चालला, मग तोही मोडला. एवढाच तो इतिहास. पण आता ती रेकॉर्ड पुन्हा निघणार होती आणि तिच्याबरोबरच्या पुस्तिकेत तो छापायचा होता.

हेलनने तिघांना एकत्र व्हिडिओ कॉलवर घेतलं. एक्केचाळीस वर्षांनी ते एकमेकांना बघत होते. टेरी जाड झाला होता, बोलणं मात्र तसंच, सगळ्यांच्या आधी. हेलनने मजकूर वाचायला घेतला. “‘१९७९च्या अखेरीस घरच्यांनी लग्नासाठी भारतात नेल्यामुळे नंदीला बँड सोडावा लागला.’ बरोबर आहे ना?”

“बरोबर,” टेरी म्हणाला. “वाईट वाटलं होतं आम्हाला.”

नंदिनीबाई शेजारीच मेथी निवडत बसल्या होत्या. “लग्नासाठी? आपलं लग्न चौऱ्याऐंशीला झालं. तेही लेस्टरला.”

“काय म्हणतायत त्या?” हेलनने विचारलं.

नंदकुमारांनी ते इंग्रजीत सांगितलं. मग चष्मा काढून पुसला. आवाज चढवायचा नाही, एवढंच त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

“एका क्लबमध्ये आमचा कार्यक्रम होता. मालक दारात आला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, हा स्टेजवर चालणार नाही. टेरी मला म्हणाला, तू व्हॅनमध्ये बस, मी बघतो. मी बसलो. थोड्या वेळाने आतून माझे ड्रम ऐकू आले. आमच्या आधी वाजवून गेलेल्या बँडमधला मुलगा ते वाजवत होता. पूर्ण कार्यक्रम झाला. नंतर मी माझे ड्रम उचलले, घरी आलो, आणि परत गेलो नाही. बोलवायला कुणी आलंही नाही.”

कीर्ती जिन्यावरून उतरली होती, ती दारातच थांबली. वडिलांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

“मला असं काही आठवत नाही,” टेरी म्हणाला. “इतकी वर्षं झाली, माणूस गोष्टी मोठ्या करतो.”

हेलनने ग्रॅहमला नाव घेऊन विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “नंदी सांगतोय तसंच झालं.” टेरीने कॉल बंद केला.

दुसऱ्या दिवशी ग्रॅहमचा फोन आला. नंदकुमारांनी सरळ विचारलं, “एवढ्या वर्षांत फोन का नाही केलास?”

“आधी लाज वाटली. मग उशीर झाला. मग फारच उशीर झाला.”

नंदकुमारांना त्याला माफ करावंसं वाटलं नाही, पण फोन ठेवावासाही वाटला नाही. दोघं मग गुडघ्यांच्या दुखण्याबद्दल आणि लशीच्या रांगेबद्दल बोलत राहिले. हळूहळू दर रविवारी फोन व्हायला लागला.

पुस्तिकेत नंदकुमारांनी सांगितलं तसं छापलं गेलं, खाली टेरीचं ‘मला आठवत नाही’ हेही. उन्हाळ्यात रेकॉर्ड बऱ्यापैकी खपली. हेलनने शरद ऋतूत कॉव्हेंट्रीत एक कार्यक्रम सुचवला. टेरी तयार झाला, मात्र ड्रमर दुसरा हवा म्हणाला. ग्रॅहमने नकार कळवला. “मागच्या वेळी मी वाजवलं,” त्याने नंदकुमारांना सांगितलं. “या वेळी नाही.” कार्यक्रम रद्द झाला.

ऑक्टोबरात ग्रॅहम बेस घेऊन बोटीने डब्लिनला आला. कीर्तीने सँडीफोर्डच्याच औद्योगिक वसाहतीत तासावर मिळणारी तालमीची खोली शोधली होती. तिथले ड्रम भाड्याचे होते, स्टूल जरा उंच होतं. जुनं गाणं पहिल्यांदा घेतलं तेव्हा दोघं त्यात निरनिराळ्या ठिकाणी पोचले. दुसऱ्यांदा नंदकुमारांच्या हातातून काठी निसटून भिंतीवर आपटली. तिसऱ्यांदा गाणं शेवटपर्यंत गेलं. गाणारं कुणी नव्हतं, पण दोघांनाही शब्द पाठ होते, त्यामुळे फारसं अडलं नाही.

नंदिनीबाई कानांवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांनी ते काढले. “हे असं दीड वर्ष वाजवायचात? सासरे खरंच सोशिक होते.”

नंदकुमार घामाने निथळत होते. मनगट भरून आलं होतं. ग्रॅहमने पुन्हा एकदा घ्यायचं का विचारलं, तेव्हा त्यांनी स्टूल थोडं खाली केलं.