कवटीचं पाखरू

प्रेमलालच्या हातात पेट्रोलची बाटली दिसली तसा पुनाराम चप्पल न घालताच गल्ली ओलांडून गेला. सकाळचे नऊ वाजले होते. गोदाबाईच्या फाटकाशी सात-आठ जण जमले होते, आणि एकटी राहणारी ती सत्तरीची बाई वांग्याच्या वाफ्याकडं पाठ करून उभी होती.

वाफ्यातल्या एका झाडाच्या खोडावर अंगठ्याएवढा जाड, तपकिरी पतंग बसला होता. डोक्यामागं, पाठीवर, पिवळट रंगात माणसाची कवटी उमटलेली. प्रेमलालच्या दीड वर्षाच्या नातीला, दीपिकाला, आठवडाभर ताप येत-जात होता. तिची आई अंजू वांगी मागायला आली होती. तिनं काडीनं डिवचलं तर पाखरू उंदरासारखं ओरडलं. बाकीचं गल्लीनं जुळवलं. करणी गोदाबाईची. आधी पाखरू जाळायचं, मग तिच्याकडून कबूल करून घ्यायचं, असं चाललं होतं.

पुनारामनं बालाघाटच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, एकतीस वर्षं परिचराची नोकरी केली होती. किड्यांच्या पेट्या पुसायच्या, डांबराच्या गोळ्या बदलायच्या, तास सुरू झाला की पेटी उघडून मुलांसमोर धरायची. बोलायचं सरांनी. हा पतंग चौदा नंबरच्या पेटीत होता. सर दरवर्षी त्याच्याबद्दल तेच सांगत, आणि मागं उभ्या पुनारामला ते पाठ झालं होतं.

"बाटली खाली ठेव, प्रेमलाल," तो म्हणाला. "हे मले माहीत आहे. वांग्याचा पाला खाऊन मोठं होते. पोळ्यातलं मध चोरते. अन् छेडलं का ओरडते."

"तू चपराशी होता, भाऊ. प्रोफेसर नव्हता," प्रेमलाल म्हणाला. "बाजूले हो."

मागं कोणीतरी हसलं. पुनाराम वाकला आणि त्यानं पतंग खोडावरून ओंजळीत उचलला.

पतंग किंचाळला. लोक मागं सरले. बारीक पाय तळव्यात रुतत होते. पुनारामनं आजवर टाचणीला टोचलेलेच पतंग हाताळले होते; हे चावतं की नाही, ते सर कधी बोलले नव्हते. तरी त्यानं ओंजळ तशीच सगळ्यांसमोर धरून ठेवली. शेपटीवर काटा असलेली अळी याच झाडांवर सापडेल, पानं उलटून पाहा, असं तो म्हणाला.

कोणी पुढं झालं नाही. गोदाबाईच वाकली. एकेक पान उलटत ती वाफ्याच्या टोकापर्यंत गेली, आणि एक पान तोडून तिनं अंजूच्या पायाशी ठेवलं. त्यावर बोटभर लांब हिरवी अळी होती, शेपटीवर वाकडा काटा.

"पोरीले थंडी वाजून ताप येते का?" पुनारामनं अंजूला विचारलं.

"हौ. एक दिवस सोडून."

"मंग रक्त तपासा. आत्ताच्या आत्ता."

अंजूनं सासऱ्याकडं पाहिलं. त्यांच्यासमोर ती सहसा बोलत नसे. "बाबूजी, मी पोरीले दवाखान्यात घेऊन जाऊन राह्यली," ती म्हणाली आणि उत्तराची वाट न पाहता घराकडं वळली. प्रेमलालनं बाटली खाली ठेवली आणि तो मोटारसायकल काढायला गेला. पुनारामनं पतंग झाडाखाली सोडला. गर्दी पांगली.

मलेरियाच निघाला. चार दिवस पोर दवाखान्यात होती. प्रेमलाल पुनारामच्या ओट्याशी येऊन तेवढं सांगून गेला. गोदाबाईकडं मात्र कोणी गेलं नाही.

पाचव्या दिवशी अंजू नाक्यावर ऑटोतून उतरून पोरीला कडेवर घेऊन गल्लीतून येत होती. गोदाबाई फाटकात उभी होती. पुनाराम आपल्या ओट्यावर बसला होता.

"बरी झाली का वं पोर?" गोदाबाईनं विचारलं.

"हौ, काकी," अंजू म्हणाली, थोडं हसलीसुद्धा. मग पोरीच्या तोंडावर तिनं पदर ओढला, आणि फाटक मागं पडेपर्यंत तो तसाच धरून ठेवला.

गोदाबाईनं फाटक लोटलं आणि आतून कडी घातली.