तीन वेळा वाजून गप्प

मित्रांनो, मला उचललेत तरी तुमच्या कानाला काहीच ऐकू येणार नाही. मी एक जुना, काळा, चकतीचा टेलिफोन आहे. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर, खाडीकाठच्या एका घरात, बाहेरच्या दाराजवळच्या छोट्या टेबलावर मी बसून आहे. माझी वायर माझ्याच बुडाखाली गुंडाळून ठेवलेली आहे.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. आठवतो तो कॅलम. मासेमारीच्या बोटीवर जाणारा हा दांडगा माणूस मला खोक्यातून काढताना तान्हे मूल हातात घ्यावे तसा घाबरला होता. त्याची बायको मर्डिना मात्र पहिल्या दिवसापासून माझ्यावर हुकमत गाजवू लागली. ती मला रोज पुसायची. मी वाजलो की एप्रनला हात पुसत यायची आणि 'हॅलो' न म्हणता खणखणीत आवाजात स्वतःचाच नंबर सांगायची, जणू पलीकडच्याला तो ठाऊकच नव्हता!

माझ्या अंगी एक गुण होता आणि त्याचा मला गर्व होता. माझी वीज घरातली नव्हती. ती दूरच्या टेलिफोन केंद्रातून माझ्या तारेतूनच यायची. हिवाळ्यात वादळ सुटले की आमच्याकडचे दिवे हमखास जातात, पण घर अंधारात बुडाले तरी मी वाजायचो. अशाच एका वादळात कॅलमची बोट वेळेवर परतली नाही. मर्डिना माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसून राहिली. शेवटी बंदरावरून त्याचा फोन आला. "आलोय गं. चहा टाक," एवढेच तो म्हणाला. तिने मला जागेवर ठेवले आणि माझ्या अंगावरून हात फिरवला. इतके कौतुक मला पुन्हा कधी मिळाले नाही.

पुढे कॅलम वारला. मुलगी कॅट्रिओना नोकरीसाठी ग्लासगोला गेली. उरलो मी, मर्डिना आणि एफी. एफी म्हणजे मर्डिनाची शाळेपासूनची मैत्रीण. खाडीच्या पलीकडे ती एकटी राहते. चहाला यायची आणि अंधार पडायच्या आत निघायची. घरी पोचली की माझी घंटी तीन वेळा वाजवून ठेवून द्यायची. म्हणजे 'पोचले'. मर्डिना मला उचलत नसे. तीही तिकडे तीन वेळा वाजवायची. म्हणजे 'बरं झालं'. आमच्याकडे पुष्कळ घरांत ही रीत होती. उचललाच नाही तर फोनचे पैसे पडत नाहीत, आणि आमची माणसे पैसे उधळणारी नव्हेत.

दोघींचे गुडघे दुखू लागले, येणे-जाणे कमी झाले, पण तीन घंट्या रोज संध्याकाळी चालूच राहिल्या. आता त्यांचा अर्थ एवढाच होता : 'आहे मी'. फक्त रविवारी मी गप्प असायचो. रविवार देवाचा. त्या दिवशी आमच्या गावात कोणी कपडेसुद्धा वाळत घालत नाही. त्या दिवशी दोघी चर्चमध्ये एकाच बाकावर बसत.

गेल्या वर्षी कॅट्रिओना सुट्टीला आली आणि माझ्यासमोरच माझा निकाल लागला.

"आई, निम्म्या पैशात होतंय अगं. इंटरनेट घरात आहेच, फोनही त्याच्यावरच चालेल. ह्या म्हाताऱ्याला आता पेन्शन दे."

"म्हातारा कुणाला म्हणतेस? तुझ्या बापाने आणलाय तो."

"म्हणूनच!"

"आणि वीज गेली म्हणजे?"

"मोबाईल आहे ना तुझ्याकडे."

"त्याला रेंज हवी तर मेंढीसारखं टेकडीवर चढावं लागतं."

पण बिल कॅट्रिओना भरत होती, त्यामुळे मर्डिनाचा आवाज हळूहळू खाली आला. "बरं बाई, कर तुला काय करायचं ते. पण ह्याला हलवायचं नाही." म्हणून मी टेबलावर राहिलो, शोभेला.

नवा फोन बैठकीच्या खोलीत, एका लुकलुकणाऱ्या डबीशेजारी उभा राहिला. तो वाईट नव्हता, पण इंटरनेट अडखळले की त्याची वाचा बसायची. एकदा एफी चहाला आली ती तणतणतच.

"काल तुझ्या घंट्या आल्याच नाहीत. मी आपली खुर्चीत ताटकळत बसलेय!"

"त्या डबीला विचार. इंटरनेट गेलं होतं."

"मग मी काय समजू? मेलीस?"

"मेले तर कळवीन की गं तुला!"

दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यानंतर घंट्या आल्या नाहीत तर एफी मनावर घेईनाशी झाली. चूक तिथेच झाली, मित्रांनो.

जानेवारीतल्या एका शनिवारी, दुपार कलता कलता, वादळाने वीज गेली. मेणबत्ती शोधायला आलेली मर्डिना माझ्यासमोरच्या सतरंजीवर घसरून पडली. पाय हलेना. ती कोपरांवर सरपटत माझ्यापर्यंत आली. इतक्या वर्षांची सवय. त्या दुखण्यात तिला नव्या-जुन्याचे भान कुठले राहणार? तिने मला खाली ओढले, रिसीव्हर कानाला लावला आणि एफीचा नंबर फिरवला. माझी चकती नेहमीसारखी कुरकुरत फिरली. ती ऐकत राहिली.

"बोल ना रे," ती म्हणाली.

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. जन्मभर दुसऱ्यांचे बोलणे पोचवले, आणि जिने मला रोज पुसले तिचा एक शब्द मला खाडीपलीकडे नेता आला नाही. पुढे रात्र झाली. ती मी तुम्हांला सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये बाकावरची जागा रिकामी दिसली, तेव्हा एफी प्रार्थना अर्धी टाकून आली. दारातूनच ओरडली, "प्रार्थनेला दांडी मारून लोळत पडलीयस होय गं?" आणि मग तिने पाहिले.

"ओरडू नकोस," मर्डिना पुटपुटली. "रविवार आहे."

एफी चर्चच्या बुटांनिशी रस्त्यावर धावली आणि मदतीसाठी एका गाडीला आडवी गेली.

मर्डिना वाचली. पण तिला एकटे ठेवायला कॅट्रिओनाचा जीव धजेना, तिने आईला ग्लासगोला नेले. सामान बांधताना कॅट्रिओना माझ्यापाशी आली. मला उचलायचे धाडस तिला झाले नाही. एफी आता ग्लासगोला फोन करते, दोघी बोलतातही. पण तीन घंट्या तिथे जमत नाहीत. कॅट्रिओना इतकी धास्तावली आहे की पहिल्याच घंटीला फोन उचलते.

मित्रांनो, नवे जरूर आणा. माझी त्याला ना नाही. पण जुन्याची वायर काढण्याआधी, त्याच्याशेजारी बसणाऱ्या माणसाला विचारा की वीज गेल्यावर तो काय करतो. आणि त्याचे उत्तर पुरते ऐकून घ्या.

घराला ओल धरू नये म्हणून एफी शनिवारी येते, खिडक्या उघडते, चूल पेटवते. निघताना ती माझ्यापाशी थांबते आणि बोटाच्या पेराने माझ्या अंगावर तीन वेळा टकटक करते. आतली घंटी किंचित थरथरते. मग ती थोडा वेळ तशीच उभी राहते. उलट वाजवायला इथे कुणी नाही, हे तिलाही ठाऊक आहे.