सापडलेल्या वस्तू

व्हर्ना डंकनने तीस वर्षं अमेरिकेतल्या टोलेडो शहरात दारोदार हिंडून लिपस्टिक, पावडर आणि क्रीम विकलं. कंपनीने तिला दोनदा बक्षीस म्हणून गुलाबी मोटार दिली, एकदा खांद्यावरून गुलाबी मानाचा पट्टा घालून स्टेजवर चढवलं. त्याच कमिशनवर तिची लेक टेस कला शिकली, आणि शिकून तिला कळलं की गुलाबी रंगानेच बायकांचं वाटोळं केलं. खाल्ल्या मिठाला जागायचं मात्र त्या कॉलेजात शिकवत नसावेत.

आज शहरातल्या संग्रहालयात टेसचं पहिलं मोठं प्रदर्शन होतं. अख्खी खोली गुलाबी: रेझर, पर्सेस, हेअर ड्रायर, आणि मधोमध काचेच्या टेबलावर व्हर्नाचा सगळा माल, पट्ट्यासकट. हा माल व्हर्नानेच कपाटातून काढून, पुसून, सहा खोक्यांत भरून लेकीच्या गाडीत ठेवला होता. तेव्हा टेस म्हणाली होती, "तुझं नाव भिंतीवर लागेल, मॉम." म्हणून व्हर्ना पार्लरमध्ये केस सेट करून आली होती.

भिंतीवर टेसचं नाव होतं, खाली वस्तूंची यादी. व्हर्नाने चष्मा लावून ती दोनदा वाचली. शेवटी लिहिलं होतं, 'लिपस्टिक, पावडर, पट्टा: सापडलेल्या वस्तू.'

"कुठे सापडल्या गं? रस्त्यावर?"

"अगं, आमच्यात तसंच लिहितात," टेस हळू आवाजात म्हणाली. "आईचं नाव घातलं की घरगुती वाटतं."

शेजारी संग्रहालयाचा व्यवस्थापक ग्रेसन हातात वाइन घेऊन पाहुण्यांना समजावत होता, "या वस्तूंमधली पोकळी बघा. यांना मालकीणच नाही."

काळ्या कपड्यांतल्या बायकांनी माना डोलावल्या. सगळ्यांचे ओठ रंगवलेले होते. कुणाची शेड कुठली, ते व्हर्नाने लांबूनच ओळखलं.

'मालकीणच नाही' हे तिला फार लागलं. 'हात लावू नये' ही पाटी बाजूला सारून तिने एक लिपस्टिक उघडली आणि यादीखाली भिंतीवर ठळक लिहिलं, 'सापडल्या नाहीत. माझ्या आहेत. व्हर्ना डंकन.'

पाहुण्यांना वाटलं, हाही कलाकृतीचाच भाग. टाळ्या पडल्या. टेसचा चेहरा मात्र उतरला. ग्रेसनने घाईघाईने रुमाल काढून भिंत घासली, मग रुमाल ओला करून घासली. अक्षर हललं नाही.

"दमू नकोस बाळा, पाण्याने जात नाही ते," व्हर्ना म्हणाली आणि तिने लेकीकडे पाहिलं. "तीस वर्षं गिऱ्हाइकांना तेच सांगत आले. एकदाही खोटं बोलले नाही."