डाव्या अंगाची धार

थोरली जागी आहे आणि तिच्या कमरेला सुरी नाही असं तिच्या घरात चाळीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. सकाळी केस विंचरायच्या आधी ती पट्टा बांधायची, आणि पट्ट्याला उजव्या अंगाला म्यान. सुरी लहानच. पातं तळहाताच्या रुंदीएवढंच लांब, मूठ लाकडी, धरून धरून गुळगुळीत झालेली. त्या सुरीने तिने चामडं कापलं, दोरे तोडले, सफरचंदं सोलली, आलेल्या गठ्ठ्यांच्या सुतळ्या कापल्या, आणि मुलाच्या लग्नात नवऱ्याचं भाषण संपेना तेव्हा मागून त्याच्या कोटाचं बटणही कापलं. बटण शोधायला तो वाकला आणि लोक जेवायला उठले.

घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचा चामडी पिशव्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे एक लांब टेबल, दोन शिलाई यंत्रं, आणि काम करणारी चार माणसं: थोरली, तिचा मुलगा, सून, आणि शिवणारा मौनी, ज्याचं तोंड दिवसभर बंद होत नसे म्हणून थोरलीनेच त्याला ते नाव दिलं होतं. तिथला नियम एकच. कापणारं माणूस एक. शिवण चुकली तर उसवता येते, चामडं कापलं की कापलं. म्हणून ज्याच्या कमरेला सुरी त्यानेच कापायचं, बाकीच्यांनी शिवायचं. थोरलीच्या आधी तिची सासू कापायची, मरायच्या आदल्या दिवसापर्यंत. थोरलीचाही तसाच बेत होता, आणि तिचे बेत सहसा मोडत नसत.

सून अकरा वर्षांपूर्वी आली ती डावखुरी. पहिल्याच दिवशी तिने हौसेने सुरी उचलली, डाव्या हाताने. थोरलीने ती काढून घेतली.

"या हाताने माझ्या चामड्याला शिवायचं नाही. टेबल उजव्या हाताचं आहे, खिडकीतून येणारा उजेडसुद्धा उजव्या हाताचा आहे. तू आपली आरी घे आणि भोकं पाड."

तेव्हापासून तिचं नाव डावरी. नवरा लाडात आला की तोही तेच म्हणे. डावरी हसायची. डावरी कशालाही हसायची, हे थोरलीला पहिल्यापासून संशयास्पद वाटत आलं होतं.

गेल्या दोन वर्षांत सुरी बिघडली. ओढायला लागली. सरळ रेघेवर ठेवली तरी डावीकडे जायची. थोरली म्हणाली, पातं झिजलंय. सगळे म्हणाले, हो, झिजलंय. चामडंही पुरेनासं झालं होतं. पूर्वी एका कातड्यात चार पिशव्या निघत, आता तीन. थोरलीने चामडेवाल्याला दारात उभं करून झापलं होतं.

"हल्लीची जनावरंच खुजी, की तू कडा कापून घरी ठेवतोस?"

"जनावरंच खुजी, बाई," तो म्हणाला होता. एरवी शब्दाला शब्द देणारा माणूस, त्या दिवशी मुकाट मान हलवून गेला.

वाढदिवसाला मुलाने नवी सुरी आणली. मिटणारी. चकचकीत, खिशात मावणारी.

"ही कशी उघडायची?" थोरलीने विचारलं.

"एका हाताने धरायची, दुसऱ्या हाताने पातं ओढायचं."

"आणि माझा एक हात चामड्यावर दाबलेला असतो तो? सुरी उघडायला शेजारणीला हाक मारू?"

"आई, सगळे हल्ली अशीच वापरतात. कमरेला टोचत नाही."

"सगळ्यांना काय कापायचं असतं? पाकिटं. सुरी म्हणजे एकसंध हवी. सांधा आला की तिथे घाण बसते, आणि एक दिवस ती बोटावर मिटते. तुझ्या बापाचं अंगठ्याचं टोक कुठे गेलं, विसरलास?"

मुलगा विसरला नव्हता. त्याने सुरी मिटून खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी थोरली एकटीच लोहाराकडे गेली.

म्हातारा लोहार गेला होता, आता त्याचा मुलगा बसायचा. त्याने फडकं पसरून सहा सुऱ्या मांडल्या. थोरलीने हातही न लावता तीन परत केल्या. एकीचं पातं लांब. "बसले की मांडीत जाईल." एकीचं टोक सुईसारखं. "मला कुणाला भोसकायचं नाही, निदान अजून तरी." तिसरीची मूठ नुसती चिकटवलेली, पात्याचं लोखंड मुठीत शेवटपर्यंत गेलेलं नव्हतं. उरलेल्या तिनांतली एक न गंजणारी होती. तिला धार येते पण टिकत नाही, म्हणून तीही गेली. राहिल्या दोन, साध्या लोखंडाच्या, रोज पुसल्या नाहीत तर गंजणाऱ्या. थोरलीने दोन्हींची पाठ अंगठ्याने दाबून पाहिली, म्यानात घालून म्यान उलटं करून झटकलं. एक खाली पडली. एक अडकून राहिली.

"ही," ती म्हणाली.

"बापाने केलेली शेवटची," लोहार म्हणाला. "मूठ कच्ची आहे. तुमच्या हाताच्या मापाची बसवतो. धारही अजून उतरवलेली नाही, नुसती कामचलाऊ लावलीय. चामड्याची सुरी एकाच अंगाने घासायची असते, म्हणून आधी हात ठरवावा लागतो. कापून तर बघा, मावशी."

त्याने चामड्याचा तुकडा दिला, वर पेन्सिलची रेघ. थोरलीने डावा हात दाबला, सुरी टेकवली आणि ओढली.

नवी सुरी. अजून एका बाजूलाही न झुकलेली. ती रेघेवर अर्धं बोट चालली आणि डावीकडे गेली.

थोरलीने दुसऱ्यांदा ओढली. मग तिसऱ्यांदा. लोहाराला एकाएकी मागच्या फळीवर काहीतरी शोधायचं आठवलं, आणि ते त्याला बराच वेळ सापडेना. तिचं मनगट हलत होतं. जोरात नाही. पाण्याचा पेला धरताना कळणार नाही इतकंच.

"तुझी रेघच वाकडी आहे," ती म्हणाली.

"असेल," लोहार म्हणाला. बोलायला काहीतरी हवं म्हणून त्याने तिची जुनी सुरी उचलली, उजेडात तिरकी धरली, आणि बापाकडून शिकलेलं जे होतं ते विचार न करता बोलून गेला. "हिला दोन हात लागलेत, मावशी."

"म्हणजे?"

"हे बघा. धारेचा उजव्या अंगाचा उतार जुना, तुमचा. डाव्या अंगाला दुसरा उतार आलाय, दोनेक वर्षांचा. मुठीवरही अंगठ्याचा खळगा दोन्हीकडे पडलाय. कुणीतरी डावखुरं माणूस रोज वापरतंय आणि घासून ठेवतंय. हात चांगला आहे त्याचा."

थोरलीने सुरी काढून घेऊन म्यानात घातली.

"मूठ उद्या सांगते," ती म्हणाली.

वाटेत तिला बरं वाटत होतं, हे सांगितलं पाहिजे. चोर सापडला होता. डावरीने धार बिघडवली म्हणून सुरी ओढते, यात नवल ते काय. लोहाराकडच्या नव्या सुरीचं काय, हा विचार तिने कोपऱ्यापर्यंत येऊ दिला आणि तिथेच सोडला.

दुपारी ती नेहमीसारखी टेबलाशेजारच्या खोलीत आडवी झाली. दिवसातला तेवढाच तास पट्टा खुंटीवर असायचा, कारण कुशीवर झोपलं की सुरी टोचे. तिने डोळे मिटले आणि घोरायला लागली. घोरण्याचं सोंग करायला तिला फारसे कष्ट पडले नाहीत, चाळीस वर्षं शेजारी नवरा घोरत होता.

दार हळूच लोटलं गेलं. एक डावा हात आत आला, म्यानातून सुरी काढून घेऊन गेला. आवाज न करता, न चाचपडता. पाठ झालेला हात.

फटीतून टेबल दिसत होतं. डावरी पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिथून खिडकीचा उजेड तिच्या हाताला बरोबर पडत होता. मुलाने कपाटामागून जुने पुठ्ठ्याचे साचे काढले, सासूच्या वेळचे, कडा काळ्या पडलेले. डावरीने सांगितलं होतं ते उंदराने खाल्ले, म्हणून नवे कापले. थोरली दोन वर्षं त्या नव्यांवर कापत होती. आता मुलाने जुना साचा थोरलीने सकाळी कापलेल्या तुकड्यावर ठेवला आणि दाबून धरला. तुकडा चहूबाजूंनी बोटभर मोठा होता. ते बोटभर चामडं तिच्या चुकायला ठेवलेलं होतं.

डावरीने सुरी ओढली. एकदाच. मनगट हललं नाही. चामड्याची वाकडी पट्टी सुटून खाली पडली आणि आत सरळ कड निघाली. मग दुसरी बाजू. मौनी पट्ट्या उचलून पिशवीत भरत होता, आणि त्याचं तोंड बंद होतं. अख्खा तास. थोरलीला वाटायचं या माणसाला गप्प बसताच येत नाही.

ती चूक शोधत होती. डावरीच्या कापण्यात कुठेतरी एक झोका, एक खाच. मिळाली नाही. शेवटी डावरीने सुरी घासली, पुसली, आणि तो हात पुन्हा दारातून आत येऊन ती म्यानात ठेवून गेला.

चामडेवालाही सामील असणार. जनावरंच खुजी, बाई.

तासाभराने थोरली उठून टेबलाशी गेली. तुकडे तिच्या जागी रचलेले होते.

"कसे आलेत?" तिने विचारलं. हे ती रोज विचारायची.

"बरोबर आलेत, आई," डावरी म्हणाली, हसून.

दुसऱ्या दिवशी थोरली लोहाराकडे गेली आणि फडक्यात गुंडाळलेली एक आरी त्याच्यापुढे ठेवली.

"मूठ या मुठीच्या मापाची कर. धार डाव्या अंगाला उतरव."

लोहाराने आरी पाहिली. "आणि तुमची सुरी, मावशी?"

"माझी आहे माझ्याजवळ. फळं सोलायला उत्तम चालते."

आठवडाभर डावरी आपली हरवलेली आरी शोधत होती. टेबलाखाली, कपाटामागे, मौनीच्या डब्यातसुद्धा. थोरली म्हणाली, वस्तू जागेवर ठेवायला शिकावं माणसाने.

सुरी तयार होऊन आली तेव्हा थोरलीने ती सगळ्यांसमोर टेबलावर टाकली. नवं म्यान, नवा पट्टा. आरीही शेजारी ठेवली, कुठे सापडली ते सांगितलं नाही.

"लोहाराने घोळ घातला. बापाला अक्कल होती, याला नाही. उजव्या हाताची सांगितली, गाढवाने डाव्याची करून ठेवली. आता टाकून थोडीच द्यायची? घे गं डावरे. तुझा तो हात नाहीतरी रिकामाच असतो. बघ जमतंय का. नाही जमलं तर सांग, मी आहे."

डावरीने सुरी बाहेर काढली. मुठीभोवती तिची बोटं मिटली आणि जिथे जायची तिथे बरोबर गेली, अंगठा खळग्यात. तिने आरीकडे पाहिलं. मग थोरलीकडे. डावरीला सगळं कळलं होतं. आता ती बोलेल, थोरलीला वाटलं. आता एकदा तरी तोंड उघडून भांडेल, दोन वर्षं मीच कापत आलेय म्हणून सांगेल, आणि मग मलाही चार सुनावता येतील.

"हो, आई," डावरी म्हणाली. "चुकलाच तो."

आवाज तोच होता. बरोबर आलेत, आई, म्हणणारा.

"म्हातारा लोहार हुशार होता खरा," मुलगा म्हणाला.

"फार हुशार," मौनी म्हणाला, आणि पुढे काहीच बोलला नाही.

त्या दुपारी थोरली आडवी झाली ती पट्टा न काढता. शेजारच्या खोलीत कापणं सुरू होतं. आता लपवायचं काही नव्हतं म्हणून कुणी दार बंद केलं नाही, आणि चामड्यातून सुरी जातानाचा तो लांब, सरळ आवाज मोकळा आत येत होता. मौनीचं तोंडही पुन्हा सुरू झालं होतं, कशावरून तरी डावरी हसत होती. थोरलीची सुरी बरगडीला टोचत होती. तिने ती टोचू दिली.