ओंग दिआच्या देव्हाऱ्यातला वायफायचा डबा

मी एक जुना वायफायचा डबा आहे, मित्रांनो! व्हिएतनाममधल्या कान थो शहरातल्या एका अरुंद, उंच घरात आम्ही तिघं भावंडं कामाला लागलो. थोरला तळमजल्यावर तारेपाशी, मी मधल्या जिन्यात आणि धाकटी गच्चीवरच्या खोलीत. थोरल्याचं ऐकायचं आणि धाकटीला सांगायचं, एवढंच माझं काम. पण काय झोकात करायचो म्हणून सांगू!

गच्चीवर खिएम आजोबा फोनवरून चिनी बुद्धिबळाचे सामने खेळत. एकदा ऐन रंगात आलेला डाव गोठला. तिथली घरं भिंतीला भिंत लावून उभी, त्यामुळे शेजाऱ्यांचे डबेही आमच्याच चॅनलवर कलकलाट करत. त्यात स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह सुरू झाला, की माझे कानच बसत. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा समोरून खेळणाऱ्या तिन्हने त्यांच्या बुद्धिबळ मंडळभर बोभाटा केला, "म्हातारा हरायला लागला की तार उपटतो!" आजोबांना जेवण गोड लागेना. मला फार वाईट वाटलं.

मग तुयेत आजींनी उपाय काढला. दाराशी जमिनीवर ओंग दिआचा, म्हणजे ढेरपोट्या भूमिदेवाचा देव्हारा होता. बाहेरून घरात येणारं सगळं तोच सांभाळतो, मग वायफायही त्यानेच सांभाळावा! मला उचलून त्याच्या शेजारी बसवलं. पुढ्यात केळी आणि काळी कॉफी, बाजूला माशांची भलीमोठी टाकी. मान मिळाला हो, पण धाकटीचा आवाजच येईना! अर्ध्या लहरी टाकीतलं पाणी गिळायचं, उरलेल्या शेजारच्या थोरल्याच्या आरडाओरड्यात बुडायच्या.

आणि तिन्हशीच पुन्हा डाव लागला! चार चाली झाल्या नि चित्र अडकलं.

"थाओ, गेलं गं!" आजोबा वरून ओरडले. "घड्याळ पळतंय! आजही तार उपटली म्हणेल तो मेला!"

त्यांची सून थाओ धावत खाली आली. "आई, हा डबा परत जिन्यात न्यायला हवा. इथे टाकी आडवी येतेय."

"देवाजवळचं असं उचलतात होय? आधी विचारू दे त्याला."

आजींनी उदबत्ती लावली आणि बशीत दोन नाणी टाकली. एक छापा, एक काटा पडला तरच देवाचा होकार. पडले दोन्ही छापे!

"आई, लवकर!"

"देवाला घाई करतेस? गप उभी राहा!"

पुन्हा टाकली. दोन्ही काटे! वरून आजोबांची रडवेली हाक आली. आजींनी जिन्याकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं आणि अंगठ्याने हळूच एक नाणं उलटं केलं.

"हो म्हणाला! पळ!"

थाओने मला छातीशी धरून जिना गाठला. मला जागेवर लावलं, मायक्रोवेव्ह बंद केला आणि फोनवरून आम्हा तिघांना रिकाम्या चॅनलवर हलवलं. क्षणभर सगळं शांत झालं, आणि धाकटीची खणखणीत हाक आली! मित्रांनो, त्या आनंदाला तोड नाही!

शेवटच्या चालीपर्यंत मी लहर तुटू दिली नाही. आजोबा नाचतच खाली उतरले.

"हरलो! अख्खा डाव खेळून हरलो!"

"अहो, हरलात तर नाचताय कशाला?"

"तिन्ह म्हणाला, 'खिएमदादा, चुकलो, माफ करा!' मंडळासमोर म्हणाला!"

आजींनी पदराआड हसावं तसा हातातल्या पंख्याआड चेहरा लपवला.

म्हणून सांगतो, मित्रांनो, आम्हाला उंच, मोकळ्या जागी ठेवा. पाण्यापासून आणि कलकलाटापासून जरा दूर ठेवा. कुणाला जिंकवणं आमच्या हातात नाही. पण माणसाला निदान धड हरता यावं, एवढी जागा आम्हाला द्या!