बाणातला ण

उज्वलानं टीव्हीची पिन भिंतीतून ओढून काढली आणि वायर गुंडाळून पडद्यामागे खोचली. टीव्हीवर तावातावानं भांडणारे चौघे एकदम गप्प झाले. खोलीत इतकी शांतता पसरली, की खाली गल्लीतला भाजीवाला मेथी किती रुपयाला जुडी म्हणतोय तेही नीट ऐकू यायला लागलं.

सोफ्यावर बसलेल्या सावळीरामांनी रिमोट दाबला. पुन्हा दाबला. मग डाव्या हातानं तो असा भिरकावला, की त्यातले सेल निघून कॉटखाली गेले.

"फेका," उज्वला म्हणाली. "आजपासून टीव्ही संध्याकाळी एक तास. नवीन वर्ष हाय."

"त्त... त्त..." सावळीरामांच्या ओठांतून आवाज आला. त्याचा शब्द झाला नाही.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात ते न्हाणीतून बाहेर येताना उंबऱ्यातच कोसळले होते. उजव्या हातापायातली शक्ती हळूहळू परतत होती. चार पायांची काठी घेऊन ते घरातल्या घरात चालायलाही लागले होते. बोलणं मात्र गेलं ते गेलंच होतं. समोरच्याचं सगळं कळायचं, पण उत्तर घशापर्यंत येऊन अडकायचं. दिवाळीत पुण्याहून लेक आली आणि बाबांना करमावं म्हणून तिनं भिंतभर टीव्ही बसवून दिला. तेव्हापासून सकाळच्या चहापासून अंथरुणापर्यंत तो चालूच असे. सावळीराम त्याच्यासमोर बसून शेव खात. उज्वला काही विचारायला गेली, तर मान वाकडी करून तिच्या पलीकडचं बघत.

पाच मिनिटांत लेकीचा, वेदिकाचा फोन आलाच. मागं टीव्हीचा आवाज नाही हे कळताच नवीन वर्षाच्या शुभेच्छा राहिल्या बाजूला.

"आई, बंद का केलास? त्यांना दुसरं आहे काय आता?"

"मी हाय की," उज्वला म्हणाली.

डिसेंबरच्या शेवटच्या तपासणीला वाचा-उपचारवाल्या मोहिनी मॅडमनी तिला बाजूला घेतलं होतं. पोरगी वेदिकाच्याच वयाची, पण बोलणं स्पष्ट. "काकू, टीव्ही उत्तरासाठी थांबत नाही. माणसाला थांबावं लागतं. त्यांच्याशी बोला, रोज मोठ्यानं वाचून दाखवा आणि थांबा. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. मीठ कमी, गोळ्या वेळेवर, रोज चालणं, हे आहेच. पहिले सहा महिने फार मोलाचे असतात. त्यातले जवळजवळ तीन गेले. मी कसलीही गॅरंटी देत नाही."

मीठ कमी करणं उज्वलाला जमणार होतं. फरसाणाचे डबे तिनं त्याच दिवशी खालच्या वॉचमनला देऊन टाकले. रविवारची मिसळही ती घरीच करणार होती, बिनशेवेची नि पापडाशिवाय. नवरा ताट ढकलेल, हेही तिला ठाऊक होतं. चालवायलाही ती नेणार होती. मोठ्यानं वाचायला मात्र तिचं मन धजेना.

कारण सावळीराम साधेसुधे वाचणारे नव्हते. नाशिकच्या एका दैनिकात त्यांनी एकतीस वर्षं मुद्रितं तपासली होती. छापायला जाणाऱ्या पानातली चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. लग्नाच्या पत्रिकेतही ते लाल पेनानं वेलांट्या दुरुस्त करत आणि मगच लग्नाला जात.

उज्वला दिंडोरीकडच्या खेड्यातली, सातवी शिकलेली. शाळेत झेंड्याच्या दिवशी सुविचार वाचायचा मान तिचा असे. लग्नाला दोन महिने झाले असतील, तेव्हा छापखान्यातले चार मित्र घरी चहाला आले. सावळीरामांनी कौतुकानं तिच्या हातात ताज्या पानाचा कागद दिला. "वाच बघू." तिनं खड्या आवाजात वाचलं, "धरनातून पानी सोडनार." आधी मित्र हसले. मग सावळीराम सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले. "आमच्या घरात ण नांदत नाही बरं का! अगं, बाणातला ण तो, बाणातला!"

तिनं कपबशा गोळा केल्या आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी सावळीराम ते विसरूनही गेले. तसा माणूस वाईट नव्हता. पण त्यानंतर चौतीस वर्षांत उज्वलानं नवऱ्यासमोर एक ओळही मोठ्यानं वाचली नाही. औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा ती मनात वाचायची. वेदिकाचा अभ्यास घेतला तो बापानं. उज्वलानं साड्यांना फॉल लावले, पिको केलं आणि अर्ध्या सिडको वसाहतीच्या साड्या तिच्या मशीनखालून गेल्या.

एक जानेवारीला दुपारी ती पेपर घेऊन नवऱ्यासमोर खुर्ची ओढून बसली. तिनं वाचायला सुरुवात केली. सावळीरामांनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशीही मिटले. चौथ्या दिवशी ते वाचन चालू असताना काठी टेकत उठले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. उज्वला त्यांच्यामागे बाल्कनीत गेली. थंडीनं बोटं गारठली होती, तरी तिनं तिथं उभ्यानं वाचलं. एकदा तर त्यांनी पेपर तिच्या हातातून ओढून स्वतःच्या डोळ्यांपुढे धरला. बराच वेळ धरला. मग तो खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. अक्षरं दिसत होती, पण त्यांना ती ओळख देत नव्हती. उज्वलाला ते तेव्हा कळलं. तिनं पेपर उचलला आणि पुढची बातमी घेतली.

अकराव्या दिवशी ती घाईत होती. एका गिऱ्हाइकाच्या साड्या द्यायच्या होत्या. भराभर वाचताना तिची जीभ घसरली.

"शनिवारी पानीपुरवठा बंद..."

"ण."

तिनं वर बघितलं. सावळीराम ताठ बसले होते. कपाळावर शीर उठली होती.

"काय म्हनलात?"

"ण!" जीभ टाळूला लावून, सगळा जोर एकवटून ते म्हणाले. "पा... णी."

उज्वला पेपर मांडीवर ठेवून नुसती बघत राहिली. चौतीस वर्षं ज्या अक्षरानं तिचं तोंड बंद केलं होतं, त्याच अक्षरानं आज या माणसाचं तोंड उघडलं होतं. रडावं की हसावं, तिला कळेना. मग तिनं पदर खोचला आणि पुन्हा वाचलं, मुद्दाम, सावकाश, "शनिवारी पानीपुरवठा..."

"पाणी!" सावळीराम ओरडले.

पुढच्या तपासणीला मोहिनी मॅडम ते ऐकून खुर्चीतल्या खुर्चीत उसळल्या. "काकू, आयुष्यभर केलेलं काम आहे ते त्यांचं! ही वाट सोडू नका."

उज्वलानं ती सोडली नाही. ती रोज चुकायला लागली. लोनी म्हणाली, कनिक म्हणाली, गनपती म्हणाली. शाळेला साळा केलं, भाषेला भासा केलं. प्रत्येक चुकीला सोफ्यावरून एक शब्द यायचा, आधी तुटका, मग सबंध. जानेवारी संपता संपता दोन शब्द जोडून यायला लागले. "अगं, नीट!" "पुन्हा वाच!" घरात भांडण चाललंय असं शेजाऱ्यांना वाटे आणि उज्वला दार लावायलाही जात नसे. पहिल्या पहिल्यांदा चूक करताना तिला त्या चार मित्रांचं हसू ऐकू यायचं. मग कधीतरी तिच्या लक्षात आलं, की ते बरेच दिवस ऐकूच आलेलं नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी तिनं हद्दच केली. "गुनवान विद्यार्थिनीचा शिक्षनमंत्र्यांकडून साळेत सन्मान," असं वाचताना तिनं एका ओळीत तीन चुका घातल्या. उत्तर आलं नाही. सावळीराम तिच्याकडे रोखून बघत होते.

"मु... मुद्दाम?"

उज्वलाला हसू आवरेना. तोंडाला पदर लावूनही ते बाहेर फुटलं. सावळीरामांचं तोंड अजून एका बाजूला ओढलेलं होतं, तरी तेही हसायला लागले. खोकला लागेपर्यंत दोघं हसले.

मग उज्वलानं डोळे पुसले, पेपर झटकून सरळ केला आणि अख्खं पान वाचून काढलं. अग्रलेखासकट. पाणी, आणि, कारण, प्राणप्रतिष्ठा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. कुठं थांबायचं, कुठं आवाज उचलायचा, सगळं जिथल्या तिथं. सावळीराम ऐकतच राहिले.

"के... केव्हा?" शेवटी त्यांनी विचारलं. "शिकलीस?"

"मशीनवर," उज्वला म्हणाली. "चालू असलं की आवाज व्हतो ना त्याचा. त्यात म्हनायची मी. तीस वर्षं म्हनलंय. तुमच्यापुढं तेवढं वाचलं नाय."

सावळीराम खाली बघत होते. डावा हात उजव्या हातावरून फिरत होता. काहीतरी वर येत होतं आणि अडत होतं. उज्वला थांबली. त्यांचं वाक्य तिनं पुरं केलं नाही.

"मी... हसलो," ते म्हणाले. "तेव्हा."

"हसलात," उज्वला म्हणाली. मग उठून चहा ठेवायला गेली. ओट्याशी उभी राहून तिनं दोन्ही हातांनी डोळे पुसले आणि साखर मोजून, डॉक्टरांनी सांगितली होती तेवढीच टाकली.

थंडी कमी झाल्यावर ती त्यांना सकाळी कॉलनीच्या बागेत न्यायला लागली. आधी एका बाकापर्यंत, मग दोन, मग सबंध फेरी. फेरी झाली की बाकावर बसून वाचन. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाग झाडणारी अंबूबाई खराटा थांबवून उभी राहिली. ती पेठकडची, डोंगरातली.

"बाय, जरा मोठ्यानं वाच ना. मला बी आयकू येऊ दे."

उज्वलानं आवाज चढवला. चालायला येणाऱ्या दोन आज्या दुसऱ्या दिवशी येऊन बसल्या. एकीच्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं. दुसरीला दिसत होतं, पण नातवंडं मोबाईलमध्ये आणि सून कामात, घरात कुणी बोलायलाच नव्हतं. मार्चपर्यंत बाकं पुरेनात. बायका गवतावर सतरंजी टाकून बसायला लागल्या. कुणी आपल्या घरातलं पुस्तक आणून उज्वलाच्या हातात द्यायची, उद्या हे घ्या म्हणायची. मालिकेत काय झालं हे सकाळी सांगत बसणाऱ्या बायका आता पुस्तकात पुढं काय होणार यावर पैजा लावायला लागल्या. "वाचणाऱ्या ताई आल्या का?" असं फाटकापाशी कुणी विचारलं, की उज्वलाला अजूनही वाटे, आपल्या मागून कुणीतरी दुसरी येत असेल.

सावळीरामांची जागा ठरलेली होती, तिच्या उजव्या हाताला. रक्तदाब ताळ्यावर आला होता. पहिल्या मजल्याचा जिना ते काठी काखेत धरून चढत. चार-पाच शब्दांची वाक्यं बोलत. वाचन मात्र परतलं नव्हतं. मोहिनी मॅडमनी कार्डं दाखवली होती. 'घर' लिहिलेल्या कार्डाकडे ते पाच मिनिटं बघत होते. "वेळ लागेल," मॅडम म्हणाल्या, आणि मग खरं तेच बोलल्या, "कदाचित नाहीही येणार, काका." सावळीरामांनी मान हलवली होती.

त्या सकाळी उज्वला एक गोष्ट वाचत होती. दुष्काळातल्या एका बाईला भर उन्हात विहीर खणताना झरा लागतो, असा प्रसंग होता. समोर अंबूबाई खराट्यावर हनुवटी टेकून ऐकत होती. उज्वला रंगात आली. चौतीस वर्षांची खबरदारी कुठल्या कुठं गेली आणि ती आपल्या गावच्या जिभेनं ओरडली, "पानी! पानी लागलं गं!"

"पाणी," मागून आवाज आला. शाळेतून निवृत्त झालेले खैरनार सर फेरी मारता मारता थांबले होते. "ताई, पाणी म्हणा. शुद्ध वाचा. बाणातला ण."

सतरंजीवरच्या बायकांनी माना वळवल्या. उज्वलाचं बोट ओळीवर तसंच राहिलं. कान तापले.

काठी टेकल्याचा आवाज झाला. सावळीराम उठून उभे राहिले. त्यांना पूर्ण वळायला थोडा वेळ लागला.

"सर," ते म्हणाले. थांबले. सगळ्या बायका थांबल्या. "मी... एकतीस वर्षं... चुका काढल्या." पुन्हा थांबले. मानेची शीर ताणली. "ही... बरोबर वाचते. वाचू द्या."

खैरनार सर क्षणभर गोंधळले. मग त्यांनी चप्पल काढली आणि सतरंजीच्या कडेला बसले.

"मंग?" अंबूबाई म्हणाली. "पानी लागलं. फुडं काय झालं, बाय?"

उज्वलानं वाचलं. झऱ्याचं पाणी विहिरीत चढत गेलं, गाव गोळा झालं, त्या बाईनं पहिली घागर भरली. उज्वलाचा आवाज बागेच्या पार त्या टोकापर्यंत जात होता. व्यायाम करणारी पोरंही हात वर धरून थांबली होती.

गोष्ट संपली. बायका आपापल्या स्वयंपाकाला गेल्या. दोघं सावकाश निघाली. फाटकाबाहेर महापालिकेनं नवीन पाटी लावली होती, निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत. सावळीराम पाटीसमोर थांबले. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाटी पाहिली, अगदी ओळीवरून नजर फिरवत, पूर्वी पान तपासायचे तशी.

मग त्यांनी मान वळवली.

"काय... लिहिलंय?"

लग्न झाल्यापासून हा प्रश्न त्यांनी तिला कधी विचारला नव्हता. उज्वलानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली, चष्मा नीट केला आणि पाटीवरचं सगळं त्यांना वाचून दाखवलं, बागेची वेळ, फुलं तोडू नयेत, अगदी खालचा फोन नंबरसुद्धा. सावळीरामांनी लक्ष देऊन शेवटपर्यंत ऐकलं.

"बरं," ते म्हणाले, आणि काठी पुढं टाकली.